टाचेच्या वरचं दुखणं : विश्रांती किती, व्यायाम किती?

घोट्याच्या मागे, टाचेच्या वर, चिमटीत धरता येते ती जाड, ताठ कंडरा म्हणजे अकिलीस टेंडन. गेल्या काही महिन्यांत या कंडरेबद्दल इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ तिलाच द्यावा लागला. त्यातली काही पत्रं वाचून मला खरोखर काळजी वाटली. कुणी महिनोन्महिने नुसती विश्रांती घेतंय, तर कुणी तुटलेल्या कंडरेवर मुरगळल्याचं मलम चोळतंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत या दोन्ही प्रकारची माणसं असतात, आणि वेळेवर आली असती तर त्यांचे कितीतरी महिने वाचले असते. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय ४४. आठवड्यातून चार-पाच दिवस धावतो. टाचेच्या हाडापासून तीन बोटं वर दुखतं आणि तिथे गाठीसारखं जाड लागतं. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं लंगडतच पडतात, मग पाय मोकळा होतो. धावायला सुरुवात केली की दुखतं, थोड्या वेळानं थांबतं, रात्री पुन्हा ठणकतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. दोन महिने धावलो नाही, अगदी बरं वाटलं. पुन्हा सुरू केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात परत तेच. आता धावणं कायमचं सोडायचं का?

उत्तर : नाही, सोडू नका. थांबवायचं आहे ते विश्रांती घ्यायची, बरं वाटलं की पळायचं आणि पुन्हा दुखवून घ्यायचं हे चक्र. ते का सुरू राहतं, ते आधी सांगते.

पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वर दिसतो तो दोन फुगवट्यांचा गॅस्ट्रॉक्नेमियस आणि त्याच्या खाली दडलेला सपाट सोलियस. दोघेही खाली येता येता एकाच कंडरेत उतरतात आणि ती टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते. साधारण १५ सेंटिमीटर लांबीची ही शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत कंडरा. धावताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. पाऊल टेकताना ताणली जायचं आणि पाऊल उचलताना तो ताण परत द्यायचा, हे काम ती हजारो वेळा करते. तुम्हाला दुखतं ती जागा टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वरची. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे दुरुस्ती संथ चालते.

निरोगी कंडरा पीळदार दोरासारखी असते. कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकाच दिशेनं, एकमेकांना बिलगून बसलेले. झेपेल त्याहून जास्त भार पुन्हापुन्हा येत राहिला की हे धागे विस्कटतात, मधल्या जागेत पाणी धरून ठेवणारे घटक वाढतात, आणि एरवी नसलेल्या बारीक रक्तवाहिन्या व त्यांच्याबरोबर मज्जातंतू आत शिरतात. तुमच्या बोटांना लागते ती गाठ हीच. हा मुख्यतः सुजेचा आजार नाही. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि गोळ्या संपल्या की दुखणं परत येतं.

विश्रांतीचंही तसंच. भार थांबला म्हणून दुखायचं थांबलं. पण त्या दोन महिन्यांत कंडरा सुधारली नाही. उलट कंडरा आणि पोटरी दोन्ही दुबळ्या झाल्या, आणि त्या दुबळ्या पायावर तुम्ही पूर्वीचंच अंतर टाकलंत. कंडरेला नवे धागे नीट दिशेनं विणायला लावणारी एकच गोष्ट आपल्या हातात आहे, ती म्हणजे मोजूनमापून दिलेला भार.

१९९८ साली स्वीडनमधल्या हाकान आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी १५ हौशी धावपटूंना एकच व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. १५ वेळा, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तीन फेरे गुडघा थोडा वाकवून. हे सगळं दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. १२ आठवड्यांनी ते पंधराही जण पुन्हा धावत होते. अभ्यास लहान होता, पण त्यानं उपचारांची दिशाच बदलली. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या अभ्यासात आठवड्यातून तीनच दिवस, पण जास्त वजन घेऊन, वर जाताना आणि खाली येताना दोन्हीकडे संथ गतीनं केलेल्या व्यायामानंही तेवढाच फायदा दिसला. मी बहुतेकांना ही दुसरी पद्धत देते, कारण रोजचे १८० पूर्ण करणारी माणसं फार कमी भेटतात. अर्धवट सोडलेल्या व्यायामापेक्षा झेपणारा व्यायाम चांगला.

करताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली म्हणजे गती. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन सेकंद, मनात मोजून. घाईत झोका घेऊन केलेले पन्नास माझ्या लेखी शून्य. दुसरी, वर गेल्यावर वजन कुठे आहे ते बघा. थकलं की पाऊल बाहेरच्या बाजूला, करंगळीकडे कलंडतं. मी समोर खाली बसते ती नेमकं हे बघायला. अंगठ्याच्या मुळाशी वजन राहिलं पाहिजे. तिसरी, वाकवलेल्या गुडघ्याचा भाग गाळू नका. सोलियसला खरं काम तेव्हाच मिळतं आणि धावताना सगळ्यात जास्त राबतो तो हाच स्नायू. १५ वेळा सहज जमायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन भरा. वजन वाढत गेलं नाही तर कंडरा पुढे सरकत नाही. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, कारण दुखणं कमी झालं की वजन वाढवायचा कंटाळा येतो.

व्यायाम करताना थोडं दुखेल, त्याला घाबरू नका. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य असं मोजलं तर तीन-चारपर्यंत, फार तर पाचपर्यंत चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं नेहमीसारखीच असतील तर कालचा भार बरोबर होता. कडकपणा वाढला असेल तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. कंडरेचं उत्तर दिवसभरानं येतं, म्हणून धावताना दुखलं नाही एवढ्यावर विसंबू नका.

धावणं पूर्ण बंद न करता एक दिवस आड ठेवा. चढ आणि वेगाचा सराव सध्या बाजूला. अंतर निम्म्यावर आणा आणि वरची सकाळची परीक्षा पास होत राहिली तरच वाढवा. वेळ सांगायचा तर तीन महिन्यांत फरक कळतो. पूर्ण भरवसा वाटायला सहा महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. आणि दुखायचं थांबल्यावरही आठवड्यातून दोनदा व्यायाम चालू ठेवा.

प्रश्न : वय ५२. मला अगदी टाचेच्या हाडावरच, मागच्या बाजूला दुखतं. बुटाचा मागचा भाग घासतो, तिथे उंचवटा आलाय. एक्स-रेमध्ये हाड वाढलंय असं सांगितलं. व्हिडिओ बघून पायरीवरचा व्यायाम केला तर दुखणं दुपटीनं वाढलं. हाड कापावं लागेल का?

उत्तर : तुमचा प्रकार वेगळा आहे आणि तो व्यायाम तुमच्यासाठी नव्हता. तुमचं दुखणं कंडरा हाडाला चिकटते त्या जागेचं आहे. टाच पायरीच्या खाली गेली की कंडरा हाडाच्या मागच्या कोपऱ्यावर दाबली जाते आणि मधली पाण्याची पिशवी चेपते. दुखणं वाढलं ते त्यामुळे. तुम्ही व्यायाम जमिनीवर उभं राहून करा. टाच वर उचला, हळू खाली आणा, जमिनीला टेकली की थांबा. या बदलानं अनेकांचं चित्र पालटतं.

याच कारणानं पोटरी ताणायचे व्यायाम सध्या बंद ठेवा. भिंतीला हात टेकून टाच मागे दाबण्याचा जो ताण सगळे शिकवतात, तो इथे त्रास वाढवतो. बुटात दोन्ही टाचांखाली थोडी उंची द्या म्हणजे दाब कमी होईल. मागचा भाग मऊ असलेले बूट घाला आणि घरात काही दिवस अनवाणी चालू नका.

वाढलेल्या हाडाची धास्ती घेऊ नका. एक्स-रेमध्ये असं हाड दिसणारी आणि अजिबात न दुखणारी माणसं खूप आहेत. शस्त्रक्रियेचा विचार नीट केलेल्या सहा महिन्यांच्या व्यायामानंतर. एक विचारून ठेवते. दोन्ही टाचा दुखतात का? सकाळी कंबर अर्धा-एक तास आखडलेली असते का? अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत का? यातलं काही असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, कारण काही संधिवात आधी याच जागी डोकावतात आणि त्यांचं औषध वेगळं असतं.

प्रश्न : वय ३८. बॅडमिंटन खेळताना पुढे झेप घेतली आणि टाचेच्या मागे फटका बसल्यासारखा आवाज आला. मला वाटलं जोडीदाराची रॅकेट लागली, वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. पाय मुरगळला असं सांगून मलम आणि पट्टी दिली. दहा दिवस झाले. सपाट चालता येतं, दुखतही फारसं नाही, पण जिना चढताना पायात जोर नाही आणि चवड्यावर उभंच राहता येत नाही.

उत्तर : हे उत्तर छापून यायची वाट बघू नका असं तुम्हाला मी पत्र हाती येताच कळवलं आहे. इथे छापते आहे ते इतरांसाठी.

मागून कुणी लाथ मारली किंवा काही फेकून मारलं असं वाटणं आणि मागे कुणी नसणं, हे कंडरा तुटल्याचं इतकं ठरलेलं वर्णन आहे की तेवढ्यावरच पाय तपासून घ्यायला हवा. तरीही पहिल्या तपासणीत ही दुखापत निसटण्याचं प्रमाण मोठं आहे, जवळजवळ पाचातली एक. याला कारणं आहेत. एक तर तुटलेली कंडरा पहिल्या काही तासांनंतर फारशी दुखत नाही. दुसरं म्हणजे सुजेमुळे तुटलेल्या जागेचा खळगा भरून जातो. आणि तिसरं, माणूस चालतो. पाऊल खाली दाबणारे दुसरे लहान स्नायू घोट्याच्या दोन्ही बाजूंनी जातात, ते शाबूत असतात. त्यामुळे 'पाऊल हलवून दाखवा' म्हटलं की ते हलतं, आणि तपासणारा निश्चिंत होतो. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची अकिलीस १२ एप्रिल २०१३ रोजी सामन्यात तुटली. त्यानंतर तो स्वतः चालत रेषेवर गेला, दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि दोन्ही बास्केटमध्ये घातले. चालता येतंय म्हणजे तुटली नाही, असं धरू नका.

खात्रीची तपासणी अगदी साधी आहे, तिला थॉम्पसन चाचणी म्हणतात. पालथं झोपायचं, दोन्ही पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबती. तपासणारा पोटरीचा मांसल भाग मुठीत धरून दाबतो. कंडरा अखंड असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. तुटलेली असेल तर पोटरी हातात दबते, पाऊल मात्र जागचं हलत नाही. आधी चांगल्या पायावर करून मग दुखऱ्यावर केलं की फरक डोळ्यांना लगेच दिसतो. मी ही चाचणी दाखवते तेव्हा रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला मुद्दाम शेजारी उभं करते. एकदा ते न हलणारं पाऊल पाहिलं की 'मुरगळलं असेल' हा शब्द पुन्हा तोंडात येत नाही. आणखी एक खूण म्हणजे पालथं झोपून दोन्ही गुडघे काटकोनात वाकवले की चांगल्या बाजूचं पाऊल किंचित वर वळलेलं राहतं आणि तुटलेल्या बाजूचं सैल, सरळ पडतं. सोनोग्राफी किंवा एमआरआयनं दोन टोकांमधलं अंतर कळतं. पण चाचणी स्पष्ट असताना तपासणीची वेळ मिळायची वाट बघत पाय तसाच ठेवू नये.

हाडाच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पोटरी ताणू नका, चोळू नका, अनवाणी चालू नका. पावलाचा पुढचा भाग खाली झुकलेला राहील असा आधार द्या आणि कुबड्या घ्या. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर सगळे पर्याय खुले असतात. त्यानंतर तुटलेली टोकं दूर सरकतात, पोटरी आखडते आणि शस्त्रक्रियासुद्धा मोठी आणि किचकट होते.

प्रश्न : यजमानांची (वय ४१) अकिलीस पूर्ण तुटली आहे. एक डॉक्टर आजच ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे म्हणतात ऑपरेशनशिवाय, पावलाला आधार देणाऱ्या खास बुटातच जुळून येईल. दोघंही अनुभवी. आम्ही कुणाचं ऐकावं?

उत्तर : दोघंही चूक नाहीत, म्हणूनच निवड अवघड वाटते. २०२२ साली नॉर्वेमधल्या डॉक्टरांनी या प्रश्नावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १८ ते ६० वयाच्या ५२६ रुग्णांची तीन गटांत तुलना होती : उघडी शस्त्रक्रिया, लहान छेदाची शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेविना उपचार. वर्षभरानं तिन्ही गटांची चालण्या-पळण्याची स्थिती जवळपास सारखी होती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. शंभरपैकी गुण दिले तर दुखापतीआधीच्या तुलनेत तिन्ही गटांचे सरासरी पंधरा-सतरा गुण कमीच होते. म्हणजे शस्त्रक्रिया केली की पाय पहिल्यासारखा, हे आश्वासन कुणी देत असेल तर ते खरं नाही.

फरक होता तो धोक्यांत. शस्त्रक्रिया न केलेल्यांत ६.२ टक्के लोकांची कंडरा पुन्हा तुटली, शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत ०.६ टक्के. उलट मज्जातंतूला इजा उघड्या शस्त्रक्रियेत २.८ टक्के, लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत ५.२ टक्के आणि शस्त्रक्रियेविना ०.६ टक्के. याशिवाय शस्त्रक्रियेत जखम चिघळण्याची शक्यता असते. टाचेमागची कातडी पातळ असते, तिथली जखम चिघळली तर फार छळते. मधुमेह असेल, सिगरेट असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर हा धोका वाढतो आणि माझं मत बुटाकडे झुकतं. यजमान जोराचा खेळ खेळणारे असतील, टोकांमध्ये अंतर जास्त असेल किंवा दुखापतीला दोन आठवडे उलटून गेले असतील तर शस्त्रक्रियेकडे.

बुटाचा मार्ग घेतलात तर तो काटेकोरपणे घ्या. तुटलेली टोकं एकमेकांना भिडावीत म्हणून आधी पाऊल खाली झुकवून बांधतात. मग चालायचा बूट येतो आणि टाचेखाली पाचरी असतात. दर एक-दोन आठवड्यांनी एक पाचर काढत पाऊल सपाटीवर आणतात. साधारण आठ ते दहा आठवडे जातात. हल्ली बुटात लवकर वजन टाकायला देतात, आणि ते चांगलंच आहे, नुसतं प्लास्टर घालून पडून राहण्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण हा बूट रात्रीही पायात हवा. अंघोळीला काढला तरी पावलाचा पुढचा भाग खालीच राहिला पाहिजे. एकदा जरी टाच टेकवून पाय वर वळला तर जुळत आलेली कंडरा लांब होते. लांब होऊन जुळलेली कंडरा हे आमच्या कामातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. नंतर कितीही व्यायाम केला तरी त्या पायाचा जोर पूर्ण भरून येत नाही.

शस्त्रक्रिया होवो न होवो, एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. पाय बांधलेला असताना पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. रक्त पातळ करणारं औषध लागेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. पोटरी एकाएकी सुजली, घट्ट आणि गरम झाली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

प्रश्न : शस्त्रक्रियेला चार महिने झाले. चालणं व्यवस्थित. पण पोटरी दुसऱ्या पायाच्या मानानं बारीक आहे आणि एका पायावर टाच उचलता येत नाही. फुटबॉल कधी खेळू शकेन?

उत्तर : चौथ्या महिन्यात एका पायावर टाच न उचलली जाणं हे बहुतेकांचं होतं, निराश होऊ नका. आधी दोन्ही पायांवर वर जा. मग दोन्हींवर वर जाऊन एकावर खाली या. मग बसून मांडीवर वजन ठेवून सोलियसचं काम करा. हळूहळू एका पायाचा जोर येतो.

फुटबॉलसाठी तारीख धरू नका, क्षमता धरा. एका पायावर टाच पूर्ण उंचीपर्यंत वीस-पंचवीस वेळा उचलता आली पाहिजे आणि चांगल्या पायाशी तुलना केली तर उंचीही जवळपास तेवढीच हवी. नंतर जागच्या जागी उड्या, मग एका पायावरच्या उड्या, मग सरळ पळणं, आणि सगळ्यात शेवटी वळणं आणि एकदम थांबणं. नऊ महिने ते वर्ष एवढा काळ मनाशी धरा. बास्केटबॉलपटू केविन ड्युरंटची अकिलीस जून २०१९ मध्ये तुटली आणि तो सामन्यात परतला डिसेंबर २०२० मध्ये. जगातले उत्तम डॉक्टर आणि प्रशिक्षक हाताशी असलेल्या खेळाडूनं दीड वर्ष घेतलं, तर तुम्ही सहाव्या महिन्यात मैदानावर उतरायची घाई करू नये. पोटरीचा घेर कदाचित कायम थोडा कमीच राहील. त्याची चिंता करू नका, जोर मोजा.

प्रश्न : जुन्या दुखण्यासाठी एकानं स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, दुसऱ्यानं स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं. कोणतं घेऊ?

उत्तर : कंडरेच्या आत स्टेरॉइड नको, हे मी ठामपणे सांगते. काही आठवडे दुखणं गायब होतं, पण कंडरा दुबळी होते आणि तुटण्याची भीती वाढते. दुखणं नसल्यामुळे माणूस त्याच काळात पायावर जास्त भार टाकतो, ती भीती वेगळीच.

प्लेटलेट्सच्या म्हणजे पीआरपीच्या इंजेक्शनाबद्दल आशा खूप होती. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांवर आणि २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर तपासलं गेलं. पहिल्या अभ्यासात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाशी तुलना होती, दुसऱ्यात नुसती सुई टोचल्याचा आभास केला होता. दोन्ही वेळा पीआरपी त्याहून सरस ठरलं नाही. तेवढे पैसे आणि आशा व्यायामात गुंतवा. तीन महिने नीट व्यायाम करूनही अडलं असेल तर शॉकवेव्हचा, म्हणजे कातडीवरून यंत्रानं ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराचा विचार करता येतो, पण तोही व्यायामाच्या जोडीला, व्यायामाऐवजी नव्हे.

प्रश्न : वय ६७. लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन सुरू केल्यावर चौथ्या दिवसापासून दोन्ही टाचांच्या वर दुखतंय. चालण्याचा काही नवा प्रकार केलेला नाही. संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, आणि हे आजच औषध देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून सांगा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या प्रतिजैविकांनी कंडरा दुखावते, कधी तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्ये या औषधांवर त्याचा ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचं वय, सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं असणं, यात धोका वाढतो. संसर्गाचे उपचार अर्धवट सोडायचे नाहीत, म्हणून स्वतःहून औषध बंद करून गप्प बसू नका. डॉक्टर दुसऱ्या गटातलं देतील. तोवर लांब चालणं, जिने आणि टाचांचे सगळे व्यायाम थांबवा. औषध बंद झाल्यावरही काही आठवडे, कधी महिने ही कंडरा नाजूक राहते. व्यायाम हळू सुरू करायचा. वर पहिल्या उत्तरात दिलेला क्रम तुम्हाला लगेच लागू नाही.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा. खेळून आला की टाच दुखते म्हणतो, कधी लंगडतो. वाचून असं वाटलं की त्याचीही कंडरा गेली की काय?

उत्तर : या वयात कंडरा सहसा दुखावत नाही. साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांत टाचेच्या हाडाच्या मागे वाढीची कूर्चा असते. कंडरा तिलाच ओढते आणि दुखतं ती कूर्चा. उंची भराभर वाढते तेव्हा आणि सराव वाढतो तेव्हा हे जास्त होतं. टाच दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबली की मूल ओरडतं, ही त्याची खूण. हाडाची वाढ पूर्ण झाली की हे आपोआप थांबतं आणि मागे काही उरत नाही.

खेळ सगळा बंद करू नका, त्याचं मन मोडेल. उड्यांचा आणि पळण्याचा वाटा काही आठवडे कमी करा, बुटात टाचेखाली मऊ गादी घाला, खेळून आल्यावर दहा मिनिटं बर्फ लावा आणि लंगडायला लागला की त्या दिवसापुरता खेळ थांबवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, किंवा एकाच टाचेला सूज आणि लाली असेल तर मात्र हे वेगळं काही असू शकतं, अशा वेळी हाडाच्या डॉक्टरांकडे लगेच न्या.